नानांच्या ६५ च्या लढाईच्या गोष्टी दर वेळी बदलतात, रेकॉर्ड कशा करू?

रामबागची_नात (इंदूर)

नमस्कार मंडळी. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, ८२ वर्षांचे आहेत. फौजेत सिग्नल्समध्ये लाइनमन होते, टेलिफोनची केबल टाकायची आणि गोळाबारीत तुटली की रात्री अंधारात जाऊन जोडायची हे काम. १९६५ ला सियालकोट सेक्टरला होते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर गाद्या पडल्या की आम्ही सगळी भावंडं नानांच्या आजूबाजूला, आणि मग ती तार, ते खंदक, तो मगभर चहा, आम्हाला सगळं पाठ होतं. आता विसरायला लागलेत, परवा माझं नावच आठवेना त्यांना, म्हणून ठरवलंय की आता रेकॉर्ड करायचंच.

पण होतं काय, गोष्ट दर वेळी वेगळी निघते. कधी म्हणतात उसाच्या शेतात पाणी सोडलं होतं आणि पाकिस्तानचे पॅटन टँक चिखलात रुतून बसले ते मी पाहिलं, कधी म्हणतात आम्ही फिल्लोराच्या बाजूला होतो, ऊस बीस काही नव्हता तिथे. मामा लगेच टोकतो, "नाना, मागच्या वेळी तर तुम्ही वेगळंच सांगितलं", की मग नाना गप्प, त्या दिवशी पुढे एक शब्द नाही. आणि आई म्हणते जुनं उकरू नको, अशा दिवशी ते रात्री झोपत नाहीत. त्यांचा एक जोडीदार होता, त्याला ते नुसतं "भोपाळवाला" म्हणतात, त्याची गोष्ट तर दर वेळी अर्ध्यावर सोडतात.

कोणी घरी असं रेकॉर्डिंग केलंय का? खरं काय ते कसं शोधायचं?

महूकर_काका

ताई, मी स्वतः फौजेत होतो, नानांच्या खूप नंतर. आधी उसाचं सांगतो. ऊस, शेतात सोडलेलं पाणी आणि रुतलेले पॅटन हे पंजाबातल्या खेमकरणकडचं, असल उत्तरची लढाई, ८ ते १० सप्टेंबर १९६५. परमवीर चक्रवाले अब्दुल हमीद तिथेच लढले. फिल्लोरा आणि चविंडा हे सियालकोटकडे, फिल्लोराची लढाई ११ सप्टेंबरला झाली आणि परमवीर चक्रवाले कर्नल तारापोर १६ ला त्याच भागात शहीद झाले. दोन्ही जागा एकमेकींपासून लांब आहेत, एकच माणूस त्या तीन-चार दिवसांत दोन्हीकडे असणं कठीण. पण म्हणून नाना खोटं बोलतायत असं अजिबात समजू नका. युद्धविराम २३ सप्टेंबरला झाला, त्यानंतर महिनोन्महिने पोरं तिथेच बसून होती, आणि बॅरेकमध्ये, ट्रेनमध्ये, हॉस्पिटलात एकमेकांना दुसरं काय सांगणार? साठ वर्षांत ऐकलेलं आणि पाहिलेलं एक होऊन जातं हो. माझंही झालंय.

तारखा विचारू नका, खुणा विचारा. शास्त्रीजी गेल्याची बातमी (११ जानेवारी १९६६) कुठे ऐकली? पाऊस होता की थंडी? जेवण कुठून यायचं? घरात त्यांचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, असेल तो काढून ठेवा, त्यात नंबर, युनिट, भरतीची तारीख मिळेल. सिग्नल्सचं रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला आहे, इंदुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, कागद असले की विचारणं सोपं जातं. मेडलही बघा. ६५ च्या लढाईत प्रत्यक्ष आघाडीवर असलेल्यांना समर सेवा स्टार मिळाला आहे.

आणि मामांना सांगा, टोकू नका.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

काका म्हणतात ते अगदी खरं. आमच्या घरी उशीर झाला, ते सांगते. माझे पणजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेतून दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेले होते. पुढे संस्थानं विलीन झाली तेव्हा ग्वाल्हेरची पलटण १४ कुमाऊँ झाली आणि तुमच्या इंदूरची १५ कुमाऊँ, हे मला फार नंतर कळलं. घरात उरलंय काय तर एक सहा टोकांचा बर्मा स्टार, त्याची रिबीन मध्ये लाल आणि दोन्हीकडे निळी-नारिंगी, आणि एकच वाक्य, "जळवा बुटाच्या भोकातनं आत यायच्या". बस. बाकी सगळं पणजीला माहीत होतं, ती २००३ मध्ये गेली, आणि तिला कोणी विचारलंच नाही, कारण सगळ्यांना वाटायचं की लढाईचं बायकांना काय माहीत. म्हणून माझं म्हणणं, नानी असतील तर त्यांना आधी बसवा! पत्रं कधी यायची, ५६ एपीओ (फौजेच्या पोस्टाचा पत्ता) लिहिलेलं पाकीट आलं की कोण वाचून दाखवायचं, किती दिवस पत्र नव्हतं, सगळं विचारा.

सुदामानगर_७८

मी आईच्या बाजूने बोलतो, राग मानू नका. माझे वडील ७१ ला पूर्वेकडे होते. आम्ही गणपतीत त्यांना स्टेजवर बसवून माइक दिला, चार वाक्यं बोलले आणि रडायला लागले, सगळ्या कॉलनीसमोर. नंतर कधीच बोलले नाहीत, मला अजून त्याचं वाईट वाटतं. रेकॉर्ड जरूर करा पण घरात, दुपारचा चहा झाल्यावर, अर्धा तास फक्त, संध्याकाळनंतर विषय काढू नका. मोबाइल समोर आहे हे त्यांना सांगून ठेवा, लपवून करू नका. आणि भोपाळवाल्याचं तुम्ही होऊन विचारू नका.

रामबागची_नात (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी केलं. नानी नाहीत आता, पण त्यांच्या ट्रंकेत पत्रं सापडली, अकरा आहेत, आईने अजून उघडू दिली नाहीत, म्हणते आधी मी एकटी वाचते.

सुदामानगर दादा, तुमचं वाचून मी प्रश्नच विचारले नाहीत. मामाने इलेक्ट्रिकच्या दुकानातून दोन हात वायर आणली आणि मधून कापून नानांच्या हातात दिली. परवा माझं नाव न आठवणारे नाना, त्यांनी दोन्ही टोकं बोटांनी चाचपली, दातांनी रबर सोललं (आई ओरडली, दात जातील), तारेची गाठ मारली, पीळ दिला, आणि बघत होते समोर भिंतीकडे, हाताकडे नाहीच. म्हणाले अंधारात असंच, टॉर्च लावायची नाही, तार मुठीत सरकवत चालायचं जिथे तुटली तिथपर्यंत. मग आपणहून म्हणाले, भोपाळवाल्याचा पुढचा दात तार सोलून सोलून तुटला होता, तो हसला की शिट्टी वाजायची. आणि हसले! १७ मिनिटं रेकॉर्ड झालंय. पुढचं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ऊस या वेळी आलाच नाही. रात्री झोपले नीट.

मग म्हणाले अजून एक जोड करून दाखवतो, एकट्याने ताण बसत नाही, पलीकडून कोणीतरी धरा. मामाने धरलं.