‘क्लॅन’ : कूळ, घराणे की टोळी?

मुक्कामपोस्ट : स्कॉटलंडमधील आरगाइलच्या कॅम्बेलांवरील एका लेखाचे भाषांतर करत आहे. ‘क्लॅन’साठी मी ‘कूळ’ लिहिले होते, संपादकांनी त्याचे ‘टोळी’ केले. ज्यांचा प्रमुख 1701 साली ड्यूक झाला आणि ज्यांच्यातील पुढे तिसरा ड्यूक झालेल्या आर्चिबाल्डने ब्रिटनचे पंतप्रधान वॉलपोल यांच्या कारकिर्दीत स्कॉटलंडमधील नेमणुका आपल्या मुठीत ठेवल्या, त्यांना टोळी म्हणणे मला पटत नाही. योग्य शब्द सुचवावा.

पानगळ : टोळी दरोडेखोरांची. आपल्याकडे शहाण्णव कुळी हा शब्दप्रयोग रूढ असताना शोध कशाला घ्यायचा? तरीही नुसते ‘कूळ’ वाचून माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला आधी 1948 चा कुळकायदाच आठवेल, म्हणून ‘घराणे’ बरे.

तत्सम : शुद्ध शब्द ‘कुल’ आहे. कुलदैवत, कुलगुरू लिहिणाऱ्यांनी येथेच ‘ळ’ का आणावा?

पानगळ : कारण आमच्या घरी नवरात्रात कुळाचार होतो, कुलाचार नव्हे.

बांबूचे बेट : ‘घराणे’ अपुरे पडते, कारण आश्रयाला येऊन कॅम्बेल आडनाव लावणारे, रक्ताचा संबंध नसलेले लोकही क्लॅनमध्ये गणले जात. मूळ गेलिक शब्दाचा अर्थ ‘लेकरे’ असा असून तो लॅटिन ‘प्लांटा’, म्हणजे रोप किंवा कोंब, यावरून आलेला आहे. आपल्या ‘वंश’चाही एक अर्थ बांबू, तेव्हा माझे मत ‘वंश’ला. (जाता जाता : ‘कॅम्बेल’ म्हणजे गेलिकमध्ये वाकड्या तोंडाचा. आपल्या वाकड्यांनी पाहुणचाराला जायला हरकत नाही.)

खंडपावती : पानगळ ज्याला अडचण समजतात तीच ‘कूळ’ शब्दाची खरी खुबी आहे. आरगाइलमध्ये क्लॅनचा माणूस बहुधा जमीन कसणारे कूळही असे. प्रमुखाचे नातलग जमिनीचे पट्टे घेत, खालच्यांना ती कसायला देत आणि लढाईच्या वेळी त्यांनाच घेऊन हजर होत. 1737 साली दुसऱ्या ड्यूकने मल, मॉर्व्हर्न आणि टायरी येथील पट्टे जास्त खंड देणाऱ्याला द्यायला सुरुवात केली, तेव्हा एक कूळ राहिले आणि दुसरे विस्कटू लागले. हे वाक्य ‘वंश’ वापरून लिहून दाखवा.

बांबूचे बेट : ही कोटी झाली. अनुवादात कोटी चालत नाही.

तत्सम : प्रमुखाच्या वंशपरंपरागत न्यायदानाच्या हक्काला लेखात काय म्हटले आहे? 1746 च्या कायद्याने तो हक्क काढून घेतला गेला. जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या उठावात, कॅम्बेल सरकारच्या बाजूने लढले होते, तरी ते सुटले नाहीत. मात्र ड्यूकला 21,000 पौंड भरपाई मिळाली.

खंडपावती : ‘वतन’ म्हणा. भरपाई देऊन खालसा केलेल्या हक्काला याहून चपखल शब्द नाही.

तत्सम : ‘वतन’ अरबी आहे.

पानगळ : ‘खालसा’ही मूळचा अरबीच. त्यावर मात्र आपण मौन पाळलेत.

मुक्कामपोस्ट : आठवा ड्यूक 1868 ते 1874 या काळात भारतमंत्री होता, म्हणून लेख आपल्या वाचकांसाठी निवडला होता. ‘टोळी’ काढावी, एवढे तरी एकमत समजू का?

तत्सम : आधी ‘कुळकायदा’ ऱ्हस्व आणि ‘कूळ’ दीर्घ का, हे कोणीतरी सांगावे.