खेळत्या भांडवलाचा अंदाज: विक्रीची टक्केवारी की दिवसांचा हिशेब?

धागाप्रवर्तक

कारखान्याला खेळते भांडवल, म्हणजे रोजचा व्यवहार चालता ठेवायला लागणारा पैसा, किती लागेल, या प्रश्नाला ‘वार्षिक विक्रीच्या अमुक टक्के’ असे ठोक उत्तर अजूनही सर्रास दिले जाते. माझे मत असे की उत्पादकाने हा मार्ग सोडावा आणि पैसा कोणत्या टप्प्यावर किती दिवस अडकतो याचाच हिशेब मांडावा. कारण हा पैसा गोदामात, यंत्रावरच्या अर्धवट मालात आणि ग्राहकाकडच्या उधारीत अडकलेला असतो, आणि प्रत्येक कारखान्यात हे प्रमाण निराळे असते.

समजा, वार्षिक विक्री १,२०० आहे. तिच्यात कच्चा माल ६००, मजुरी १८०, कारखान्याचा इतर रोख खर्च १२०, कार्यालय व विक्रीचा खर्च ६०, घसारा (यंत्रे-इमारतींच्या झिजेपोटी धरलेली रक्कम) ६० आणि नफा १८० आहे. वर्ष ३६० दिवसांचे धरू. कच्चा माल ६० दिवस पडून राहतो, म्हणजे १०० अडकले. माल प्रक्रियेत १२ दिवस असतो. त्यात कच्चा माल सुरुवातीलाच पूर्ण पडतो म्हणून त्याचे २० आणि मजुरी व इतर खर्च हळूहळू चढत जातो म्हणून त्याचे निम्मे, म्हणजे ५. तयार माल ३० दिवसांचा, कच्चा माल, मजुरी व कारखान्याचा इतर खर्च मिळून ९०० च्या भावाने त्याचे ७५. येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, ६० दिवसांची, पण विक्रीच्या भावाने न धरता ९६० या एकूण रोख खर्चाच्या भावाने धरली, त्यांचे १६०. हाताशी रोख १५. ही बेरीज ३७५ होते. पुरवठादार ४५ दिवसांची उधारी देतात, तिचे ७५ वजा केले की गरज उरते ३००. घसारा कुठेच धरलेला नाही, कारण त्यापायी दरमहा रोकड बाहेर जात नाही.

प्रतिसाद १ (असहमत)

रीत बिनचूक आहे, पण तिच्यात घातलेले दिवस आणायचे कुठून? नवा कारखाना उभारणाऱ्याला वाटते की ग्राहक ६० दिवसांत पैसे देतील. ते ७५ दिवसांनी आले, तर एवढ्यानेच आपली गरज ४० ने वाढते. त्याच धंद्यातील जुन्या उद्योगांच्या ताळेबंदांवरून काढलेली टक्केवारी मला अधिक भरवशाची वाटते, कारण रखडलेली वसुली आणि न खपलेला माल तिच्यात आधीच मुरलेला असतो. आपले ३०० हेही शेवटी विक्रीच्या २५ टक्केच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. येणी खर्चाच्या भावाने धरताना, नफ्याचा भाग वसूल होईपर्यंत कोणी त्याला हात लावणार नाही असे आपण गृहीत धरता. प्रत्यक्षात मालक घरखर्चाला उचल घेतो आणि करही भरावा लागतो. विक्रीच्या भावाने येणी २०० होतात, आणि गरज ३४० वर जाते.

धागाप्रवर्तक

दिवसांचा अंदाज चुकू शकतो, हे मान्य. पण तो चुकला तर नेमका कुठे चुकला हे दिसते: वसुली लांबली, की गोदाम तुंबले. टक्केवारी चुकली तर हाती फक्त तुटीचा आकडा येतो. शिवाय तेवढीच विक्री आणि तेवढाच खर्च असलेला दुसरा कारखाना फक्त ३० दिवसांची उधारी देत असेल, तर त्याची येणी ८० आणि गरज २२० राहते. या दोघांना एकच २५ टक्के लावणे म्हणजे एकाच्या माथी विनाकारण कर्जाचे व्याज मारणे होय. दुसरी पाळी सुरू केल्यावर विक्री दुप्पट होऊ शकते, पण यंत्रावरचा अर्धवट माल पहिल्या पाळीकडून दुसरीकडे जातो, म्हणून तो जवळपास तेवढाच राहतो. टक्केवारी मात्र तोही दुप्पट करून टाकते.

उचल आणि कर यांबद्दलचा आपला मुद्दा रास्त आहे. त्यांची स्वतंत्र ओळ लिहावी, येण्यांच्या भावात त्या लपवू नयेत.

प्रतिसाद २ (दोघांशीही असहमत)

आपण दोघेही सरासरीच काढत आहात, आणि कारखाना सरासरीने अडत नाही. ज्याचा कच्चा माल वर्षातून ३ महिनेच बाजारात येतो असा कारखाना घ्या. त्याला ६०० चा माल तीन महिन्यांत समान प्रमाणात रोखीने घ्यावा लागतो आणि वापर दरमहा ५० चा असतो. तिसऱ्या महिन्याअखेर गोदामात ४५० चा माल साठतो आणि पुढच्या नऊ महिन्यांत तो शून्यावर येतो. वर्षाची सरासरी २२५ निघते. दिवसांच्या सूत्रात १३५ दिवस घातले तरी उत्तर २२५च येईल, आणि तेवढ्यावर विसंबलेल्या मालकाचे पैसे हंगामाच्या मध्यावरच संपतील. म्हणून महिनावार रोख जमाखर्चाचा तक्ता हाच खरा अंदाज आहे.

प्रतिसाद १

हंगामी मालाच्या बाबतीत मी माझा आग्रह सोडतो. तिथे टक्केवारी निरुपयोगी आहे. पण बारमाही चालणाऱ्या नव्या उद्योगाने निदान पहिल्या वर्षी तरी त्या धंद्याची टक्केवारी शेजारी मांडून पाहावी आणि आपला हिशेब तिच्यापेक्षा फार कमी निघाला, तर आधी वसुलीचे दिवस पुन्हा तपासावेत.

धागाप्रवर्तक

पडताळणीपुरती टक्केवारी मला चालेल. महिनावार तक्त्यालाही विरोध नाही, मात्र तो भरताना कोणत्या महिन्याची विक्री कोणत्या महिन्यात वसूल होईल हे ठरवावे लागते, आणि तिथे पुन्हा दिवसच लागतात. त्या तक्त्यात जो आकडा वर्षभर खाली उतरत नाही, तेवढी रक्कम मालकाच्या भांडवलातून किंवा दीर्घ मुदतीच्या कर्जातून उभी करावी; त्यावरच्या हंगामी उंचवट्यापुरतेच अल्पमुदतीचे कर्ज घ्यावे.