गडद कल्पितकथा: गोदाकाठचं भय पुरेसं आहे

प्रकाशकानं 'गडद कल्पितकथा', म्हणजे वास्तवापलीकडचं काही घडणाऱ्या भयाच्या कथा, मागवल्यात, तर त्यात उद्ध्वस्त शहरं, यंत्रमानव असंच काही हवं, असं वर दोघांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. आपल्या नाशिकच्या गोदाकाठाकडे बघा ना. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, अशीच आपण पुराची मोजदाद करतो. आता समजा, पूर ओसरला, भांडीबाजारात चिखल उपसून झाला, दुकानांच्या शटरवर गाळाची रेघ सुकली, पण मारुतीभोवतीचं पाणी तेवढं छातीशीच थांबलंय. का, ते कुणालाच माहीत नाही. मी हीच कथा लिहितेय. नियम एकच मोडायचा, बाकी नाशिक जसंच्या तसं ठेवायचं. भीती त्यातूनच येते, असा माझा अनुभव आहे.

'नवख्यांचं कोण वाचतं?' या प्रश्नाबद्दल. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. नाव झाकलेलं होतं, निवडली गेली ती कथा. तेच नारळीकर २०२१ च्या आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा बिनधास्त पाठवा.

फक्त करार नीट वाचा. हक्क किती काळासाठी देताय हे त्यात लिहिलेलं नसेल तर कायद्यानं पाच वर्षं धरली जातात. माझी एक जुनी कथा न वाचता केलेल्या सहीमुळे कायमची गेली, अजून जीव तुटतो.