सरलेल्या वर्षाचं प्रदूषण आज कसं वाढतं?

भिरभिरं: हवेत कोणता वायू किती सोडला गेला, याचे देशवार अहवाल दरवर्षी निघतात. लागोपाठचे दोन अहवाल शेजारी ठेवले, तर २००५ या एकाच वर्षाचे आकडे वेगवेगळे दिसतात. अहो, ते वर्ष कधीच सरलं, निघायचा तो धूर निघून गेला. कपात २००५ च्या तुलनेत टक्क्यांत सांगायची आणि जिथून मोजायचं ती खूणच हलती ठेवायची, हे मला मुळीच पटत नाही.

हिशेबवही: बहुतेक धूर कुणी मोजतच नाही हो. मोठ्या कारखान्यांच्या धुराड्यांवर यंत्रं असतात, बाकी सगळा गुणाकार: किती इंधन जळलं, गुणिले टनामागे किती प्रदूषण होतं, म्हणजे गुणक. इंधनाची आकडेवारी मागाहून दुरुस्त होते. गुणकही बदलतो. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीस आलं, ते आठवा. डिझेल गाड्या चाचणीत नायट्रोजन ऑक्साइड कमी सोडायच्या आणि रस्त्यावर कितीतरी जास्त. नवा गुणक फक्त चालू वर्षाला लावला असता, तर प्रदूषण एका वर्षात उसळलं असं दिसलं असतं. ते खोटं ठरलं असतं, कारण गाड्या आधीपासूनच तेवढा धूर सोडत होत्या. म्हणून मागची सगळी वर्षं नव्याने मोजावी लागतात.

सरपण: यात भर घालतो. लाकडाचा धूर गरम असताना मोजला तर कण कमी भरतात. थंड झाल्यावर त्यातल्या वाफांचे आणखी कण बनतात. काही देश हे कण धरतात, काही धरत नाहीत. एखाद्याने धरायला सुरुवात केली की आकडा फुगतो, चुली मात्र तेवढ्याच असतात. कडक हिवाळ्यात जास्त लाकूड जळतं, ती वाढ मात्र खरी. या दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये.

भिरभिरं: गुणाकार समजला. पण हवेचं प्रदूषण कमी करण्यासाठी मुख्यतः युरोपातल्या देशांनी केलेल्या १९९९ च्या गोथेनबर्ग करारात २०१० साठीच्या मर्यादा टनांत होत्या. डिझेलचा खरा गुणक कळला, काही देश मर्यादेबाहेर गेले आणि त्यांना ‘समायोजन’ मागायची मुभा मिळाली. म्हणजे मर्यादा पाळली की नाही, हे बघताना ती वाढ वजा करायची. तो धूर लोकांच्या छातीत गेला, त्याचं समायोजन कोण करणार?

हिशेबवही: मर्यादा जुन्या गुणकावरच ठरली होती. मोजपट्टी बदलून दोषी ठरवणं अन्यायाचं आहे. म्हणूनच या कराराच्या २०१२ च्या दुरुस्तीत २०२० ची लक्ष्यं २००५ च्या तुलनेत टक्क्यांत दिली. दोन्ही टोकांना एकच गुणक लागतो.

भिरभिरं: म्हणजे २००५ चा आकडा जितका वर सरकेल, तितकी २०२० मध्ये जास्त टनांची मुभा. माझा आक्षेप नेमका हाच आहे.

सरपण: मग तुलना एकाच अहवालातल्या दोन वर्षांची करा, आणि जुना अहवाल काढून न टाकता सोबत ठेवायला लावा. एवढ्यावर तरी तुम्हा दोघांचं जमावं.

भिरभिरं: जुना अहवाल ठेवण्याबद्दल जमलं. समायोजनाबद्दल नाही.