टीव्हीआर घ्यावी का? ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांनी सांगा

मंडळी, टीव्हीआर, म्हणजे त्या छोट्या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, बरेच दिवस मनात आहे आणि आता पैसेही जमलेत. ब्लॅकपूलच्या कारखान्यात २००६पर्यंत बनत होत्या, त्यांतलीच हवी. चिमेरा ५०० (५ लिटर इंजिनाची), सर्बेरा ४.२ (४.२ लिटरची) की टस्कन, या मॉडेलांत अडलोय. चिमेराचं वजन हजार किलोच्या थोडं वर आणि कागदावर ३४० हॉर्सपॉवर, सर्बेराला ३६०. एबीएस नाही, चाकं घसरताना ताकद आवरणारा ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एअरबॅग नाही. १९८१ साली पीटर व्हीलर यांनी कंपनी विकत घेतली. ते केमिकल इंजिनिअर होते आणि स्वतः शर्यतीत उतरायचे. गाडी चालवणाऱ्याने चालवावी, यंत्राने नव्हे, हा त्यांचा आग्रह मला मनापासून पटतो.

पण घरात दोन मुलं आहेत, कर्ज आहे आणि "टीव्हीआर? रस्त्यात बंद पडणार" हे ज्याला त्याला सांगितलं की ऐकावं लागतं. रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे. वेग आणि आवाज व्हिडिओंत पाहून झालेत. मला घरातलं सांगा: कुठे अडते, किती खाते, आणि घेतल्यावर ठेवावीशी वाटली का?

चिमेरा ४.०, लीड्स

इंजिनाची भीती बाळगू नका, चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची बाळगा.

चिमेराचं इंजिन म्हणजे रोव्हरचा व्ही८, मूळचा अमेरिकेतल्या ब्यूइकचा. रेंज रोव्हरमध्ये वर्षानुवर्षं तोच होता, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि त्यावर हात बसलेले मेकॅनिकही. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, झिजला की इंजिन मरगळतं, बदलला की पुन्हा ताजंतवानं. यात घाबरण्यासारखं काही नाही.

बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही. आत मात्र पोलादी नळ्यांची चासी आहे. मधला कणा सहसा टिकतो. कण्यापासून दोन्ही बाजूंना दारांखाली जाणाऱ्या ज्या नळ्या, आउटरिगर म्हणतात त्यांना, त्या आधी जातात. नळ्यांवर पावडर कोटिंग असतं. खडा लागून ते एका जागी उडालं की थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठ आत शिरतं आणि कोटिंगच्या खालून गंज पसरतो. वरून काळं, गुळगुळीत दिसतं. बोट फिरवलं तर फोड आल्यासारखं लागतं. नळीची वरची बाजू बॉडीला लागून असते, तिथे नजर पोचत नाही. छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन जा, आणि गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पैशांचं बोलू नका.

मी पाहिलेल्या एका गाडीला खालून नवाकोरा काळा रंग मारलेला होता. पुढच्या चाकाच्या मागच्या कोपऱ्यात नखाने खरवडलं तर रंगासकट तपकिरी पापुद्रा हातात आला. ती सोडली. घेतली ती बॉडी उचलून नळ्या बदललेली, कामाचे फोटो आणि बिलं फाइलला लावलेली. विकणाऱ्याने जास्त मागितले, मी दिले. तेच काम आपण नीट करून घ्यायचं तर पाच आकडी पौंडांची तयारी ठेवावी लागते.

आणखी एक. पेट्रोल भरायला थांबलात आणि इंजिन गरम असेल, तर कधी कधी स्टार्टर नुसता 'टक्' करतो. त्याला कारण एक्झॉस्टची धग आणि इमोबिलायझरमधून (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेतून) फिरून येणारी लांब वायर. एक जादा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने तो बसवून घेतला होता आणि बिलावर तसं लिहिलेलं होतं. अशा मालकाची गाडी डोळे झाकून नाही, पण निम्म्या चिंतेत घेता येते.

विकली, लंडन

माझी गाडी उत्तम होती, तक्रार काहीच नाही. पण २९ ऑगस्ट २०२३पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा आकार, सगळ्या लंडनभर लागू झालं आणि घराच्या फाटकातून बाहेर काढली की दिवसाचे साडेबारा पौंड. १९९०च्या दशकातल्या गाड्या बहुतेक त्यात अडकतात. लंडनमध्ये राहत असाल तर नंबर टाकून आधी तपासा. मला दर रविवारी हिशेब करत निघणं नकोसं झालं. गाडी डर्बीशरला गेली, तिथे ती सुखात आहे.

सर्बेरा ४.२, ब्रिस्टल

लीड्सवाल्यांचं चासीबद्दलचं म्हणणं सर्बेरालाही शब्द न् शब्द लागू आहे. बाकी ही गाडी वेगळ्याच जातीची. हिचा व्ही८ कोणाकडून आणलेला नाही, टीव्हीआरने स्वतः बनवला. इंजिनाचं नाव एजेपी८, त्यातली अक्षरं अॅल मेलिंग, जॉन रेव्हन्सक्रॉफ्ट आणि पीटर व्हीलर यांची. फ्लॅट-प्लेन क्रँक (शर्यतीच्या गाड्यांत असतो तसा क्रँकशाफ्ट), त्यामुळे रोव्हरच्या व्ही८सारखी घरघर नाही, वर चढत जाणारी किंकाळी. कारखाना छोटा, पण इंजिन स्वतःचं! मला त्याचा अभिमान वाटतो, मी ब्रिटिश नसूनही.

तुम्ही भरवशाचं विचारलंत, मी पावसाचं सांगतो. ओल्या रस्त्यावर वळणातून निघताना पाय जरा जड पडला तर मागचं टोक पुढे यायला बघतं, आणि सावरायला तुमच्या हातांशिवाय कोणी नाही. टायर किती जुने आहेत ते बघा. खोबणी शिल्लक असली तरी दहा वर्षांचं रबर लाकूड झालेलं असतं. कमी वापरल्या जाणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं आणि विकणारा अभिमानाने सांगतो, "टायर अजून अर्धेसुद्धा झिजले नाहीत." गाडी घेतल्यावर एक दिवस प्रशिक्षकाबरोबर बंद ट्रॅकवर घालवा. मी तसं केलं आणि पहिला हिवाळा निर्धास्त गेला.

मागे दोन बारक्या जागा आहेत. लहान मुलं मावतात. चिमेरात तर दोनच माणसं.

टस्कन, मिल्टन कीन्स

गाडी माझी आहे, नवऱ्याची नव्हे. हे आधी सांगते, कारण शोमध्ये सगळे त्यालाच प्रश्न विचारतात.

टस्कनमध्ये स्पीड सिक्स, एका रांगेत सहा सिलिंडर. सुरुवातीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह दाबणारे फिंगर फॉलोअर आणि व्हॉल्व्ह गाइड लवकर झिजायचे, हे सर्वश्रुत आहे. म्हणून टस्कन बघताना मीटरवरच्या आकड्यापेक्षा इंजिनाची फाइल महत्त्वाची: रिबिल्ड (इंजिन उघडून नव्याने बांधणं) झालं का, कोणी केलं, आत काय काय बदललं. "रिबिल्ड झालंय" एवढ्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. ज्याने केलं त्याला फोन लावा. मी लावला होता. त्या गृहस्थांना इंजिन नंबरवरून गाडी आठवली आणि कोणते भाग घातले तेही त्यांनी वाचून दाखवलं. त्या फोनवर मी गाडी घेतली.

आता रोजची शिस्त. तेल ६० अंशांवर येईपर्यंत तीन हजार आरपीएमच्या वर जायचं नाही, मग मागचा कितीही हॉर्न वाजवो. व्हॉल्व्हमधलं अंतर (क्लिअरन्स) वेळच्या वेळी तपासायचं. बॅटरीला घरी कायम चार्जर लावलेला. आणि दर महिन्याला एका वेगळ्या खात्यात ठरलेली रक्कम, फक्त गाडीसाठी. त्या खात्यामुळे घरात गाडीवरून वाद होत नाहीत. सर्व्हिसचं बिल येतं तेव्हा पैसे तिथे असतात.

ठेवावीशी वाटते का? हो. दिवसभर मीटिंगांत बसून डोकं बधिर झालेलं असतं. मिररखालचं बटण दाबलं, दार उघडलं की मी पुन्हा जागी होते.

लोटस एलीजवाला, नॉर्विच

विषय थोडा सोडून, पण तुमचं मन डळमळत असेल तर एलीज चालवून बघा. ताकद बरीच कमी, पण अॅल्युमिनियमची चासी आणि २००४नंतर टोयोटाचं इंजिन मिळतं. दिवसभर हिंडून संध्याकाळी घरी याल.

(तरी खरं सांगतो, सर्बेरा शेजारून गेली की मी आरशात बघत राहतो.)

टीव्हीआरवाल्याची बायको, चेस्टर

धागाकर्ते, तुमच्या बायकोला विचारलंत का? परवानगीचं म्हणत नाही. तिला गाडीत बसवून एक लांब चक्कर मारली का, असं विचारतेय. आम्ही घेण्याआधी वेल्सला फिरून आलो. दारं किती मोठी, बसायला किती खाली, डिकीत सामान किती मावतं, हे मी पाहिलं. चिमेराची डिकी चांगली मोठी आहे, दोघांच्या दोन बॅगा आरामात जातात. गाडी थांबली तर कोणाला फोन करायचा, घरी न्यायची सोय विम्यात आहे का, मुलांना शाळेतून कोण आणणार, हे आधीच ठरलेलं आहे. त्यामुळे एकदा खरंच टो करून आणावी लागली तेव्हा त्या दिवसाचं भांडण झालं नाही. ट्रकवाल्याने उलट गाडीचे फोटो काढले.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. टस्कनवाल्या ताई, खात्याची कल्पना आजपासूनच सुरू करतो. सर्बेरा मनातून जात नाही, पण मुलं मोठी होतायत, मागच्या जागा दोन वर्षांत निरुपयोगी होतील. तेव्हा चिमेरा, आणि बहुधा ५०० नाही, ४.०च. श्रॉपशरला एक बघून ठेवलीय. जुन्या एमओटीच्या (गाडीच्या वार्षिक तपासणीच्या) नोंदी ऑनलाइन पाहिल्या, तर सलग तीन वर्षं "आउटरिगर गंजलेला" असा शेरा आणि चौथ्या वर्षी काहीच नाही. काम झालं असेल का?

चिमेरा ४.०, लीड्स

झालं असेल तर बिल असेल. बिल मागा. "हरवलं" म्हणाले तर नुसता रंग मारलाय असंच धरून चाला. शनिवारी जाणार असाल तर कळवा, आरसा आणि टॉर्च घेऊन मीही येतो.