सिगरेट सोडून वेपवर (ई-सिगरेटवर) आल्यावर शरीराने काय काय रंग दाखवले? अनुभव सांगा

स्लावकर:
मंडळी, काल ऑफिसच्या किचनमध्ये नवीन आलेला नागपूरचा पोरगा कॉफीचा मग घेऊन उभा होता आणि हात असा थरथरत होता की मगातला चमचा वाजत होता. विचारलं तर म्हणाला, काका सिगरेट सोडली, वेप घेतोय, पण झोप उडालीये, छातीत धडधडतं, घरी सांगितलं नाहीये, हार्टचं काही असेल का. मला एकदम माझा २०१६ चा हिवाळा आठवला. रात्री दोन दोन वाजता टक्क जागा, सकाळी हात कापतायत. वाटलं वेपमधलं निकोटिन जास्त होतंय म्हणून कमी स्ट्रेंग्थचं लिक्विड आणलं तर सिगरेटची तलफ अजून वाढली. शेवटी आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या स्मोकिंग सोडवणाऱ्या नर्सबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, दिवसाला कॉफी किती पिता? मी म्हटलं ऑफिसात असतो, मोजतं कोण. निम्मी करा म्हणाल्या. केली आणि थोड्याच दिवसांत माणसात आलो.
हे आधी कोणी सांगतच नाही हो. लोक घाबरतात आणि सरळ परत सिगरेट धरतात, डोळ्यांनी बघितलंय म्हणून धागा काढतोय. वेपच पाहिजे असं नाही, निकोटिनची गम, पॅच, नुसतं सोडलं असेल तरी लिहा. आणि जे काहीच ओढत नाहीत त्यांनी हे वाचून वेप सुरू करू नका, हात जोडून सांगतो.

आजऱ्याची_चिंगी:
तोंड आलं. अख्खं तोंड. जिभेच्या कडेला, गालाच्या आत, मिरचीचा ठेचा समोर आणि मी दहीभात.

मोकळा_ढग:
+१ चिंगी. मला वाटलं वेपमुळेच, पण डेंटिस्ट म्हणाली सिगरेट सोडणाऱ्या बऱ्याच जणांना होतं, गम पॅचवाल्यांनाही. आपोआप गेलं. तिने अजून एक सांगितलं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं तर घाबरून ब्रश बंद करू नका. सिगरेटमुळे हिरड्यांचं दुखणं झाकलेलं राहतं, रक्त कमी येतं म्हणून आपल्याला वाटतं दात एकदम ठणठणीत. सोडली की खरं काय ते बाहेर येतं. माझं आलं, बेसिन लालेलाल, बायको किंचाळली. क्लीनिंग करून घेतलं आता बरंय.

फार्मसीवाली:
स्लावकर दादा, तुमच्या नर्सबाईंना माझा नमस्कार सांगा. मी बर्मिंगहॅमला केमिस्टच्या काउंटरवर असते, ब्रेकमध्ये लिहितेय, चुकभूल द्यावी घ्यावी. सिगरेटच्या धुरातल्या टारमधली रसायनं लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात पळवतात, सीवायपी१ए२ नाव त्याचं. कॅफिनचा निचरा तेच एन्झाइम करतं. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे वेप घ्या की पॅच लावा, धूर बंद झाला की काही दिवसांत एन्झाइम थंडावतं आणि तेवढ्याच कॉफीतलं कॅफिन रक्तात जवळपास दुप्पट साठायला लागतं. धडधड, चिडचिड, झोप नाही. माणूस म्हणतो निकोटिनची तलफ आहे, असते कॉफी.
आणि हे प्लीज सगळ्यांनी वाचा. काही औषधांचंही असंच आहे, मानसिक आजाराची क्लोझापिन, ओलान्झापिन, दम्याचं थिओफिलिन. आमच्याकडे एक मावशी मुलाच्या गोळ्या न्यायला यायच्या, एकदा रडवेल्या होऊन म्हणाल्या पोरगा दिवसभर नुसता झोपून असतो. बोलता बोलता कळलं त्याने सिगरेट सोडून वेप घेतलंय. तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला लावला, डोस कमी झाला. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण सिगरेट सोडायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घालायचंच.

स्लावकर:
ताई हे सोन्यासारखं लिहिलंत. त्या पोराला आत्ता पाठवतो.

घाटमाथा:
कोणी लिहीत नाहीये तर मीच लिहितो. सकाळचं पोट. इतकी वर्षं चहा आणि सिगरेट झाली की प्रेशर यायचं, घड्याळ लावून घ्यावं असं. वेपवर आलो आणि सगळं ठप्प!! ऑफिसची बस निघून जायची आणि मी आतच. सिगरेट सोडल्याचा आनंद बाजूला राहिला, दिवसभर पोट गच्च. वाटलं एकच ओढू, पोटासाठी म्हणून.

आजऱ्याची_चिंगी:
ओढली का मग

घाटमाथा:
नाही ओढली. आईने व्हिडिओ कॉलवर सांगितलं रात्री कोमट पाण्यात तूप घे, सोबत इसबगोल आणि पपई. रुळावर यायला वेळ लागला पण आलं.

कुसुमताई_नाशिक:
इसबगोल घेताना पाणी भरपूर प्यायचं हं, नाहीतर उलटं अजून घट्ट होतं. आमच्या ह्यांना तेच झालं होतं पण ते गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, सिगरेटचा काही संबंध नाही.

डबलिनची_सून:
मी ओढत नाही, नवऱ्याचं लिहिते, मुलगा झोपलाय तोवर. त्याने वेप घेतलं आणि खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला, पहाटे चार वाजता उठून बसायचा, खाकरून खाकरून काळपट कफ. मला वाटलं संपलं, फुप्फुसाचं काहीतरी निघालं. दोघंही रडलो त्या रात्री खरंच सांगते. डॉक्टर म्हणाले श्वासनळीतले बारीक केस धुराने लुळे पडलेले असतात, धूर थांबला की ते परत झाडलोट सुरू करतात, साठलेलं वर येतं. तरी एक्सरे काढला, नीट निघाला, तेव्हा घास गिळला मी. सासूबाईंनी ज्येष्ठमध पाठवलं होतं, तुकडा चघळायचा. पण खोकला राहिला, रक्त दिसलं, वजन उतरलं तर घरगुती करत बसू नका, दाखवा.

खडकवासला_एक्स्प्रेस:
ज्येष्ठमध बीपीवाल्यांनी जपून, बीपी वाढतं. माझ्या काकांना डॉक्टरांनी बंद करायला लावलं.

डबलिनची_सून:
हो का, हे माहीत नव्हतं. थँक्यू, सासऱ्यांना सांगते.

नाईट_शिफ्ट:
घसा. वाळवंट. पाणी पिऊन पिऊन पोट डबडब आणि घसा कोरडाच, वर खाज, मानेवर पुरळ. दुकानातल्या माणसाने बाटलीवरचं वाचायला सांगितलं, पीजी म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ते ओलावा ओढून घेतं आणि काहींना सहनही होत नाही. व्हीजी म्हणजे व्हेजिटेबल ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड घेतलं, खाज गेली. वाफ जाड येते, तेवढं सोडलं तर ठीक.
दुसरं म्हणजे सिगरेट संपते, वेप संपत नाही. सिगरेट विझवली की विषय संपला, हे हातातच असतं, पिक्चर बघता बघता ओढतच राहतो माणूस. इथे यूकेत लिक्विडमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर निकोटिन चालत नाही, पण तेच तासभर ओढलं तर मळमळ, घाम, डोकं गरगर. मी आता ओढून झालं की दुसऱ्या खोलीत ठेवून येतो.

पावसाळी_बेडूक:
ते एकदा वापरून फेकायचे रंगीत वेप बंद झाले ना तिकडे?

नाईट_शिफ्ट:
हो, १ जून २०२५ पासून. फार बरं झालं, शाळेच्या गेटसमोर खच पडलेला असायचा.

अंबडकर:
इकडे भारतात तर २०१९ च्या कायद्याने वेपची विक्री, आयात, साठा, जाहिरात सगळंच बंद, त्यामुळे पानटपरीवर गुपचूप जे मिळतं त्यात काय भरलंय देव जाणे, त्याच्या नादी लागू नका. मी गम घेऊन सोडली. २ मिलिग्रॅमची. पहिल्या दिवशी च्युइंगमसारखी चघळली आणि जी उचकी लागली, मीटिंग चालू, साहेब बोलतायत आणि मी उक् उक्.

आजऱ्याची_चिंगी:
कोणीतरी आठवण काढत असेल 😄

अंबडकर:
सिगरेटच काढत होती! मेडिकलवाल्याने नंतर नीट समजावलं, दोनचार वेळा चावायची, तिखट चुणचुण लागली की गालात दाबून ठेवायची, चव गेली की परत चावायची. रस गिळत राहिलं की उचकी, छातीत जळजळ. चहा कॉफी पिताना आणि त्याआधी पंधरा मिनिटं तोंडात ठेवायची नाही, परिणाम नीट होत नाही मग. सरकारची क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन, पण आहे, १८००-११-२३५६, फुकट, बोलणारी मुलगी फार शांतपणे ऐकून घेते.

मोकळा_ढग:
नंबर सेव्ह केला, मेव्हण्यासाठी.

रत्नांगिरीचा_बाप्या:
माझं वेगळंच. नाक परत आलं. एवढी वर्षं घरात राहतोय, हिने लसणीची फोडणी टाकली आणि मी हॉलमधून उठून गेलो बघायला काय करतेस म्हणून. ती बघतच राहिली. मग गाडीत बसलो तर गाडीचा वास सहन होईना, सीट कव्हर, माझं जॅकेट, सगळ्याला तो शिळा धूर. मुलगी लहानपणी मागच्या सीटवर काच खाली करून बसायची, भर पावसात, आम्ही ओरडायचो काच वर घे म्हणून. पोरगी बोलली नाही कधी. आता कव्हरं बदलली, ती पुढे बसते.

कुसुमताई_नाशिक:
डोळ्यात पाणी आणलंत भाऊ.

घाटमाथा:
बाप्या, सुरमई काय भाव चाललीये तिकडे?

रत्नांगिरीचा_बाप्या:
विचारू नका, बांगडा खा.

लेक_जालन्याची:
फार्मसीवाली ताई, एक विचारायचं होतं. बाबांना दम्यासाठी डेरिफायलिन चालू आहे, त्यात ते थिओफिलिन असतं का? त्यांनी संक्रांतीपासून बिडी सोडलीये, एकदम. वेप वगैरे काही नाही. आम्ही सगळे खूश, पण या आठवड्यात जेवण जात नाही, मळमळतंय म्हणतात आणि छाती धडधडते. आम्हाला वाटलं बिडी सोडल्यामुळे बेचैनी असेल.

फार्मसीवाली:
हो गं, असतं. बिडीचा धूर पण धूरच, एन्झाइमचं गणित तेच. मळमळ आणि धडधड म्हणजे औषध अंगात जास्त होत असेल, वाट बघू नको. आजच डॉक्टरांना सांग की बिडी कधी सोडली, गोळी किती एमजीची आणि किती वेळा घेतात. डोस तेच ठरवतील, तुम्ही मनाने कमी करू नका. उलट्या, चक्कर, ठोके फार वाढले तर फोन करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. आणि बाबांना चहाही कमी द्या सध्या.

लेक_जालन्याची:
डॉक्टर सहानंतर भेटतात, भावाला सांगितलंय गाडी काढून ठेव. गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये घेतलं. चहाचं मात्र आईला सांगावं लागेल, बाबांचं ऐकून ती तिसरा कप ठेवतेच.

फार्मसीवाली:
आईला फोन दे, मी बोलते. आणि दाखवून आलात की इथे लिही.