विषय: बाबांच्या मॉर्फिनच्या गोळ्या पार्ल्यात कुठेच मिळत नाहीत

प्रेषक: मीनल, टोरांटो

नमस्कार मंडळी,
बाबा विलेपार्ल्याला असतात. कॅन्सर हाडांपर्यंत पोचलाय. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात, पण दादा पार्ल्यापासून अंधेरीपर्यंत सगळी मेडिकल पालथी घालून आला, एकाकडेही नाहीत. बाबा रात्रभर कण्हत असतात. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी मुंबईत चालेल का? किंवा तिथल्या डॉक्टरांनी व्हिडिओवर तपासून लिहिली तर? आईच्या झोपेच्या गोळ्याही केमिस्टने जुन्या चिठ्ठीवर द्यायच्या बंद केल्यात. कुणाला माहिती असेल तर प्लीज लवकर लिहा.

प्रेषक: शरदकाका, दादर

मीनल,
आधी कामाचं. दादाला आता आणखी दुकानं हिंडायला लावू नकोस. मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा नसतंच. ते मिळतं मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेत, म्हणजे ज्या रुग्णालयाला किंवा हॉस्पिसला (बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या ठिकाणाला) ते ठेवण्याची आणि देण्याची मान्यता आहे तिथे. बाबांचे उपचार जिथे चालू आहेत तिथे पहिल्यांदा विचारा, ‘तुमच्याकडे मॉर्फिनची मान्यता आहे का?’ नसेल तर दादाने बायॉप्सीचा रिपोर्ट, सगळी फाइल आणि आताची चिठ्ठी घेऊन परळला टाटा मेमोरियलच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या विभागात जावं. घरी सांभाळणं जड व्हायला लागलं तर वांद्र्याचं शांती अवेदना सदन आहे, १९८६ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस.

हे असं का, तेही सांगतो, कारण मला याचा मनापासून राग येतो. मॉर्फिन अफूपासून होतं; कायदेशीर अफू पिकवणारा आपला देश, आणि आपलीच माणसं वेदनेने तळमळतात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यानंतर रुग्णालयांना मॉर्फिन ठेवायला इतके वेगवेगळे परवाने लागायचे की अनेकांनी त्याचा नादच सोडला. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यतेचं काम राज्याच्या औषध नियंत्रकाकडे आलं. आपल्याकडे ते म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातलं अन्न व औषध प्रशासन. वाट सोपी झाली, पण डॉक्टरांच्या आणि केमिस्टांच्या मनातली भीती अजून पुरती गेलेली नाही.

टोरांटोची चिठ्ठी चालणार नाही. डॉक्टर भारतात नोंदणीकृत हवेत. व्हिडिओवरही नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (दूरवरून तपासणी) मार्गदर्शक सूचनांनुसार एनडीपीएसमधली आणि शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतली औषधं दूरवरून लिहिता येत नाहीत.

आईच्या केमिस्टने मात्र योग्य तेच केलं. अल्प्राझोलाम, झोलपिडेम ही झोपेसाठी देतात ती औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन या यादीत आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय नाहीत आणि नोंदही ठेवायची. दर विक्रीला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. एकदा औषध दिलं की चिठ्ठीवर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख पडते. पुन्हा द्यायचं असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर तीच चिठ्ठी परत चालत नाही. आईला डॉक्टरांकडे घेऊन जा. वयस्कर माणूस या गोळ्यांवर वर्षानुवर्षं राहणं बरं नाही, रात्री उठताना तोल जातो.

आणि बाबांना ‘सवय लागेल’ म्हणून कुणी गोळी टाळू नका. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची असते, दुखायला लागेपर्यंत थांबायचं नसतं. बद्धकोष्ठ बहुतेक होतंच, तेव्हा त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. पहिले काही दिवस मळमळेल, गुंगी येईल, ती बहुधा ओसरते. मात्रा कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनीच.

प्रेषक: गौरी, सिडनी

काका, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आम्ही सुट्टीत गिरगावला येतोय. मुलाला मिथाइलफेनिडेट (लक्ष एकाग्र होण्यासाठीचं औषध) चालू आहे. मुंबईत घेता येईल का?

प्रेषक: शरदकाका, दादर

गौरी, तिथूनच पुरेसं घेऊन ये. हे शेड्यूल एक्समधलं. दुकानाला त्याचा वेगळा परवाना लागतो, माल वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवून घेतो. त्यामुळे फार थोडी दुकानं ते ठेवतात. अशी मनावर परिणाम करणारी (सायकोट्रॉपिक) औषधं स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत जवळ बाळगता येतात. मूळ डबीतच आण, लेबल काढू नकोस आणि डॉक्टरांचं पत्र हातातल्या बॅगेत ठेव. कुणा नातेवाइकाला कुरिअरने पाठवायला मात्र अजिबात सांगू नकोस.

प्रेषक: मीनल, टोरांटो

काका, दादा परळला जाऊन आला. गोळ्या मिळाल्या, वेळापत्रक फ्रिजवर लावलंय. काल रात्री बाबा सलग झोपले. तुमचे आभार कसे मानू? पट्टीवर लाल अक्षरात ‘एनआरएक्स’ लिहिलंय, तो काय प्रकार?

प्रेषक: शरदकाका, दादर

फार बरं वाटलं गं. ती एनडीपीएसमधल्या औषधाची खूण. गोळ्या कुलपात ठेवा, किती दिल्या आणि किती उरल्या ते दादाने वहीत लिहीत जावं. शेजारी कुणाला दुखतंय म्हणून एकही देऊ नका. त्या फक्त बाबांच्या नावावरच्या आहेत. मात्रा बदलली आणि काही उरल्या तर पुढच्या खेपेला तिथेच दाखवून परत करायचं विचारा. आणि गोळ्या संपायच्या चार दिवस आधी नवीन चिठ्ठीसाठी निघायचं, सुट्ट्या बघून.